तांबड्या क्रुसाची शेड

“तपकिरी आहे! अनू, तपकिरी!”

सन्मती जिन्यातूनच ओरडत वर आला. सांगलीत आमचा तिकिटांचा क्लब वाचनालयाच्या वरच्या खोलीत भरायचा, दर रविवारी सकाळी. पोस्टाची तिकिटं हां, सिनेमाची नव्हे. आणि हसू नका, आठ-दहा जण यायचे चांगले. बहुतेक रिटायर्ड. पोरं म्हणजे आम्ही दोघंच. मी तेव्हा बी. फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होते, आणि सन्मती चौगुले म्हणजे मार्केट यार्डातल्या हळदवाल्या चौगुल्यांचा मुलगा.

तर हा आला, धापा टाकत. इतका धापा टाकत की मुल्लाणी सर म्हणाले, “अरे बाबा, जिना आहे तो, सिंहगड नाही. बस आधी.” मुल्लाणी सर आमच्या क्लबचे सर्वेसर्वा. शाळेत चित्रकलेचे शिक्षक होते. अंगात कायम खिशाखिशाचं जाकीट, आणि दर खिशात एक भिंग.

सन्मती बसला नाहीच. त्यानं बटर पेपरचं छोटं पाकीट काढलं, चिमट्यानं त्यातलं तिकीट अलगद उचललं आणि माझ्या नाकासमोर धरलं.

फिनलंडचं तिकीट. पाण्यात एक हंस, आणि कोपऱ्यात छोटासा क्रूस, दोन आडव्या दांड्यांचा. टीबीविरुद्धच्या लढ्याची खूण ती. असली तिकिटं आम्ही दोघंही जमवायचो. म्हणजे औषधं, डॉक्टर, लसी, रोग, असं सगळं. मी फार्मसीची म्हणून. तो का जमवायचा, ते कुणी कधी विचारलंच नाही. टीबीची तर त्याच्याकडं ही थप्पी.

“क्रूस बघ,” तो म्हणाला. “सगळीकडे तांबडा असतो. हा तपकिरी आहे. छापताना शाईच चुकली त्यांची. एरर आहे, एरर!”

आता तुम्हाला सांगते, तिकिटं जमवणाऱ्या माणसाला छपाईत चुकलेलं तिकीट सापडणं म्हणजे काय असतं ते. लॉटरी, लग्न आणि नोकरी एकाच दिवशी. मी लगेच चिमटा त्याच्या हातून घेतला. मी तिकीट उजेडात धरलं.

क्रूस लाल होता. चांगला लालभडक. कुंकवासारखा.

“लाल आहे की रे.”

“नीट बघ.”

“नीटच बघतेय.”

“सर, तुम्ही बघा. हिला दिसत नाही.”

सरांनी जाकिटातलं सगळ्यात मोठं भिंग काढलं. बघितलं, वळवून बघितलं, खिडकीशी जाऊन बघितलं. “तांबडाच आहे, सन्मती. जरा गडद म्हण हवं तर.”

“गडद? सर, चार पिढ्या आमच्या घरात हळदीचा रंग तळहातावर बघून भाव सांगतात. रंग मला शिकवताय?”

“हळद पिवळी असते, बाळा,” सर म्हणाले, आणि सगळी खोली हसली.

इथंच, बघा, आम्ही सगळे चुकलो. कारण शेडवरून, म्हणजे रंगाच्या छटेवरून, भांडण हे आमच्याकडं रोजचंच. तिकीटवाल्यांना लाल म्हणजे नुसता लाल नसतो. डाळिंबी, शेंदरी, किरमिजी, विटकरी, काय वाट्टेल ते. पाटणकर आणि कुंभोजकर नावाचे दोन आजोबा एका तिकिटाच्या गुलाबीवरून अख्खा उन्हाळा एकमेकांशी बोलले नव्हते. त्यामुळं सन्मती तपकिरी म्हणतोय आणि आम्ही लाल म्हणतोय, यात कुणालाच काही विचित्र वाटलं नाही. झालं एक भांडण. चहा आला.

चहा सगळ्यांनी घेतला, त्यानं नाही. तो कधीच घ्यायचा नाही. स्वतःची बाटली घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीत बसायचा, टेबलाच्या पार त्या टोकाला.

आणि मी, काय सांगू, मी दर रविवारी त्या टोकाच्या जरा जरा जवळ सरकायचे. खरंच सांगते. मला तो हवा होता. दुसरं काही नाही. त्याचं ते चिमट्यानं तिकीट उचलणं, एकेका देशाचं नाव पेढ्यासारखं तोंडात घोळवणं, सगळं. एकदा मी पोपटी ड्रेस घालून गेले तर म्हणाला होता, “हिरवा चांगला दिसतो तुला.” बस. त्यानंतर मी रविवारी दुसरा रंग घातला नाही. आई म्हणायची, अगं शेत झालीस का तू?

पण मी सरकले की तो खुर्ची मागं घ्यायचा. दर वेळी.

पुण्याला इंजिनीअरिंग करत होता, मध्येच सोडून आला. त्याची आई सगळ्यांना सांगायची, तब्येत जरा नरम होती, आता घरून अभ्यास करतोय. वडील यार्डात त्याचा विषयच काढायचे नाहीत. आणि आमच्या क्लबचं प्रदर्शन जवळ आलं होतं. प्रत्येकाला एक फ्रेम, तिच्यात सोळा पानं. सन्मतीची फ्रेम टीबीवर. मला म्हणाला होता, “या वर्षात मी केलेली एक तरी गोष्ट बाबांनी उभं राहून बघावी.” तो एरर त्या फ्रेमच्या मधोमध लागणार होता.

पुढच्या रविवारी आला तर हातात दोन पाकिटं. पुण्याच्या कुणा डीलरकडून तेच तिकीट आणखी एक मागवलं होतं, शेजारी ठेवून फरक दाखवायला.

“हे घ्या,” म्हणाला. “हे पण तपकिरी!”

“दोन्ही सारखीच दिसतायत म्हणजे?” मी विचारलं.

“हो! म्हणजे अख्खा शीटच तसा छापला गेलाय. कळतंय का तुला, केवढी गोष्ट आहे ही?”

“सन्मती, दोन्ही लाल आहेत.”

तो माझ्याकडं बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, “तुझ्या फ्रेममध्ये असं काही नाही, म्हणून ना?”

मला असं लागलं ते. खोलीतले आजोबा लोक एकदम आपापल्या वहीत डोकं घालून बसले. सर तेवढे म्हणाले, “अरे, असं बोलतात का?” पण तो भिंग पुसण्यात गढून गेला होता. तेव्हा तो सारखंच भिंग पुसायचा. रुमालानं, शर्टानं, पुन्हा रुमालानं. म्हणायचा, “मधोमध काहीतरी डाग आहे यार, जातच नाही.”

प्रदर्शनाच्या आधी पानं तयार करायला सरांनी खोलीची चावी आम्हाला दिली. मंगळवारची दुपार, खाली वाचनालय बंद. आम्ही दोघंच. भांडणानंतर पहिल्यांदा. मी पोपटी घालून गेलेच होते, काय करणार, तेवढाच एक पक्का आनंद होता माझा.

तिकीट पानावर लावायला एक पातळ कागदाची पट्टी असते, तिला जिभेनं जरा ओली करायची आणि चिकटवायची. सगळे तसंच करतात. सन्मती नाही. तो वाटीत ओला स्पंज घेऊन बसायचा. मी आपली जिभेनं भराभर लावत होते. माझं संपलं, आणि मी त्याच्या पानांतली एक पट्टी उचलून जिभेला लावणार, तर तो किंचाळला.

“ठेव! तोंडाला लावू नको! माझ्या वस्तू तोंडाला लावायच्या नाहीत!”

“अरे, पट्टी आहे, जेवण नाही तुझं.”

“ठेव म्हटलं ना!”

ठेवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, पण मी खाली बघत राहिले. तो पानांना रेघ मारत होता, चारी बाजूंनी चौकट. तपकिरी चौकट करायची ठरवली होती त्यानं, त्या क्रुसाला शोभावी म्हणून. समोर स्केचपेनांचा डबा. रेघ मारतोय, पेन ठेवतोय, पुढच्या रेघेला परत उचलतोय. मग मधेच थांबला आणि म्हणाला, “अनू. एकदा म्हण ना.”

“काय?”

“तपकिरी आहे म्हण. तू एकटीनं म्हटलं तरी चालेल. बाकीचे जाऊ देत.”

शपथ सांगते, जिभेच्या टोकावर आलं होतं. हो म्हटलं असतं तर काय गेलं असतं माझं? तो समोरून उठून माझ्या शेजारी येऊन बसला असता. मला दिसत होतं ते. मी मान वर केली, आणि माझी नजर त्याच्या पानावर गेली.

डावीकडची रेघ तपकिरी होती. वरची तपकिरी. उजवीकडची हिरवी. खालची हिरवी.

“सन्मती, ही चौकट कुठल्या रंगाची आहे?”

“तपकिरी. का?”

“सगळी?”

“सगळी म्हणजे? हो.”

मी डब्यातून दोन पेनं काढून त्याच्यासमोर धरली. “यातलं हिरवं दे मला.”

त्यानं दोन्ही पेनांकडं बघितलं. खूप वेळ. मग हसला. “चेष्टा करतेस. दोन्ही एकच आहेत.”

“माझा ड्रेस कुठल्या रंगाचा आहे?”

“अनू, काय चाललंय तुझं?”

“सांग ना.”

त्यानं डोळे बारीक केले. “मातकट. असा... धुळीसारखा.” आणि मग, कसनुसा होऊन, “वाईट नाही दिसत.”

म्हणजे मी इतके रविवार कुणासाठी शेत होऊन जात होते, सांगा! पण ते नंतर सुचलं. त्या क्षणी मी नुसती घाबरले. कारण हिरवा चांगला दिसतो असं म्हणणारा हाच होता. तेव्हा दिसत होता त्याला हिरवा. आता नाही.

“तू कसल्या गोळ्या घेतोस का?” मी विचारलं.

तो उठला. खिडकीकडं गेला. पाठ करून उभा.

“सन्मती, मी फार्मसीला आहे. सांग मला. गोळ्या घेतोस का?”

“घेतो.”

“कसल्या?”

खालच्या रस्त्यावरून एक भंगारवाला ओरडत गेला. सन्मतीनं खिडकी लावून घेतली.

“टीबीच्या,” म्हणाला. “पुण्याला असताना झाला. रूममेट रातोरात खोली सोडून गेले. घरी बाबांनी शपथ घातली, कुणाला कळता कामा नये, बहिणीचं जमायचंय. म्हणून चहा नाही. म्हणून इकडं बसतो.” मग वळला. “डॉक्टर म्हणतात, आता माझ्यापासून कुणाला काही होणार नाही. पण डॉक्टर काहीही म्हणतात गं. तुला झालं असतं तर?”

खोलीच्या पार त्या टोकाला उभं राहून हे म्हणाला, बघा. मी इतके महिने जे ‘नाही’ समजत होते, ते ‘हो’ होतं. आणि मला त्यावर रडायला पण वेळ नव्हता, कारण माझ्या डोक्यात परीक्षेला पाठ केलेलं एक पान फडफडायला लागलं होतं. टीबीच्या गोळ्या, त्यांतली एक इथॅम्ब्युटॉल, तिचा त्रास कुणाकुणाला डोळ्यांच्या नसेला होतो, आणि सुरुवात होते ती लाल आणि हिरव्या रंगापासून. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. चार मार्कांना होतं ते.

मी सगळं भडाभडा सांगितलं. तो ऐकत होता. मग त्यानं ते तिकीट चिमट्यानं उचललं.

“म्हणजे हे लाल आहे?”

“हो.”

“दोन्ही?”

“दोन्ही.”

“म्हणजे माझ्याकडं काहीच नाही.”

“डोळे आहेत ना! आत्ता उठ. आत्ता डॉक्टरकडं जायचं.”

“प्रदर्शन होऊ दे. मग जातो.”

“सन्मती!”

“अगं, गोळ्या बंद केल्या आणि ते परत उलटलं तर? पुन्हा महिनोन्महिने ती माडीवरची खोली? आई दाराबाहेर ताट ठेवणार, बाबा जिन्यातूनच विचारणार, कसा आहेस? मला नाही जमणार. थोडं तपकिरी दिसलं तर दिसू दे.”

“थोडं नाही राहणार ते. भिंगावरचा डाग जात नाही म्हणतोस ना? भिंग स्वच्छ आहे. मी बघितलंय.”

ते ऐकल्यावर तो खाली बसला. जमिनीवरच. मी जाऊन शेजारी बसले, अगदी चिकटून. तो सरकायला लागला तर मी त्याची बाही धरली. “सरक बघू आता,” म्हटलं. “जिन्यापर्यंत सरकत जा, मी येते मागोमाग.”

हसला. रडत होता आणि हसला.

माझ्या स्कूटरवर मागं बसला, तोंडाला रुमाल बांधून, आमच्या दोघांत दप्तर ठेवून. आधी त्याच्या टीबीच्या डॉक्टरकडं, तिथून त्यांनी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरीण बाईंकडं पाठवलं. त्या बाई चष्म्यावरून बघायच्या आणि कुणालाही अरे-तुरेच करायच्या. त्यांनी त्याला ठिपक्यांचं एक पुस्तक दाखवलं. रंगीत ठिपके असतात, त्यांतून आकडा दिसतो. पहिल्या पानावरचा आकडा त्याला आला. पुढं पानामागून पान उलटत गेलं, आणि तो नुसता “ठिपके... ठिपके... ठिपके” म्हणत राहिला. मी मागं उभी. मला सगळे आकडे स्वच्छ दिसत होते, आणि एकही त्याला देता येत नव्हता.

“तुझ्या डॉक्टरांशी बोलले आहे मी. ही एकच गोळी आजपासून बंद,” बाई म्हणाल्या. “बाकीच्या तशाच चालू, कळलं? एकही चुकवायची नाही. रोग त्यांनी बरा होईल.”

“आणि डोळे?”

“बहुतेकांचे येतात परत. हळूहळू. तुझे येतील असं मी लिहून देत नाही.” मग म्हणाल्या, “पण लवकर आलास. लोक पेपर वाचता येईना झाला की येतात. तुला कळलं कसं?”

सन्मतीनं माझ्याकडं बोट केलं. “हिनं हो म्हटलं नाही.”

प्रदर्शनात त्यानं फ्रेम लावली. हंसाचं तिकीट मधोमध नाही, फिनलंडच्या ओळीत, इतरांसारखंच. आणि त्याचे बाबा आले. पांढरा शर्ट, हाताच्या रेघांत मुरलेली हळद. सोळा पानं उभं राहून बघितली. एकेक. शेवटी हंसापाशी वाकले आणि विचारलं, “हा क्रूस तांबडाच असतो का रे?”

सन्मतीला तेव्हाही तपकिरीच दिसत होता तो. माझ्याकडं एकदा बघितलं आणि म्हणाला, “हो बाबा. तांबडाच.”

मग सुरू झालं आमचं मिरजेला जाणं. दर महिन्याला एकदा. डोळ्यांमुळं त्यानं गाडी चालवायची नव्हती आणि यार्डातल्या कुणाला कळता कामा नये, म्हणून मी. अहो, ते दिवस! सांगली-मिरज रस्ता तो केवढा, पण मी इतकी हळू चालवायचे की सायकलवाले मागं वळून बघायचे. तो मागून रंग ओळखायचा. “ती एसटी लाल?” “लाल.” “लिंबाचं झाड हिरवं, ते मला पाठच आहे, ते धरू नको.” “त्या काकूंची साडी?” “काय वाटतं?” “तपकिरी.” “जांभळी.” “हत् तेरी!” दवाखान्यात आधी आमच्यामध्ये एक खुर्ची रिकामी असायची. मग दप्तर असायचं. मग दप्तर खाली गेलं.

पुस्तकातली पानं त्याला एकेक करून यायला लागली. एका महिन्यात दोन. मग आणखी. बाई कागदावर टिकमार्क करायच्या आणि तो माझ्याकडं वळून भुवया उडवायचा, शाळेतल्या पोरासारखा. टीबीचा कोर्सही संपत आला होता. पुण्याच्या कॉलेजनं परत घेतो म्हणून कळवलं होतं. बाईंनी सांगून ठेवलं होतं, डोळे पूर्ण आले की खुशाल जा.

त्या शेवटच्या वेळी, मी मागं उभी, नेहमीसारखी. बाई पानं उलटत होत्या आणि तो धडाधड आकडे सांगत होता. बरोबर, बरोबर, बरोबर. एकच पान राहिलं. दर वेळी अडायचा तो त्या पानापाशी. हिरव्या ठिपक्यांत तांबूस ठिपके, आणि त्यांत एक आकडा. तो पुढं झुकला. थांबला. आणि मी, ज्या मुलीनं त्याचे डोळे वाचावेत म्हणून देवापुढं नारळ बोलला होता ती मी, मनात म्हटलं, नको दिसू दे. एवढं एक पान नको दिसू दे त्याला. एकच महिना आणखी.

“पंचेचाळीस,” सन्मती म्हणाला.

बाईंनी पुस्तक मिटलं. “झालं. आता यायची गरज नाही.”

तो वळला, आणि त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता ना, तसा मी नंतर कुणाच्या चेहऱ्यावर बघितला नाही. “पंचेचाळीसच होतं ना, अनू? बरोबर ना?”

“हो,” मी म्हणाले. “बरोबर आहे.”